सुतकात कडक झालेली घागर

तांबट आळीत भूत राहू शकत नाही, अशी आमच्या लहानपणी कल्याणात सर्वांची पक्की समजूत होती. भुताला शांतता लागते. ओसाड पार लागतो, पडकी विहीर लागते. आमच्या आळीत उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत हातोड्यांचा असा गजर चाले की पिंपळावरच्या मुंजानं कंटाळून खाडीकाठी बिऱ्हाड हलवावं. पाहुणे आमच्याकडे कानांत बोटं घालून येत, आणि आम्ही त्यांच्या गावी गेलो की शांततेमुळे आम्हाला झोप येत नसे.

म्हणून आमच्या घरी जे आलं ते भरदिवसा आलं आणि आवाज न करता आलं, असं मी सांगितलं की आळीतली माणसं आधी हसतात, मग जवळ सरकून बसतात. ही हकिकत मी लग्नाच्या पंगतींत पुष्कळदा सांगितली आहे, आणि दरवेळी थोडं मीठ जास्त पडलं आहे. आज लिहायला बसलो आहे, तेव्हा मिठाचं भांडं बाजूला ठेवतो. बोटांना लागलेलं असेल तेवढं चालवून घ्यावं.

मी तांबटाचा मुलगा, पण ऐरणीशी बसलो नाही. ठाण्याच्या कचेरीत कारकुनी करतो आणि सुट्टी पडली की कल्याणला जातो. "थोरल्याकडे हातोडा गेला आणि धाकट्याकडे जीभ," असं वडील म्हणत. ते म्हणताना त्यांना कोणाचं जास्त कौतुक होतं, ते मी कधी विचारलं नाही. उत्तर मला आवडलं नसतं.

आमच्या धंद्यातली एक गोष्ट आधी सांगायला हवी, नाहीतर पुढचं भूत वाया जाईल. तापवून ठोकतो तो लोहार. तांबट थंड ठोकतो. तांब्याचा पत्रा ऐरणीवर धरून घाव घालावा तसा तो थोडा पसरतो, आणि प्रत्येक घावासरशी थोडा कडकही होत जातो. होता होता इतका ताठ होतो की हातोडा उलटा उडतो आणि आवाज बदलतो. तिथे थांबावं. न थांबलात तर पत्रा चिरतो. थांबलात की त्याला विस्तवात घालायचं, लाल होऊ द्यायचं आणि पाण्यात बुडवायचं. चर्र आवाज येतो आणि पत्रा पुन्हा पहिल्यासारखा नरम. मग परत ठोका. भांडं आकाराला आलं की शेवटी गुळगुळीत हातोड्यानं ते सगळीकडून मठारायचं. अंगावर ते चमकदार ठसे दिसतात ना, ते निव्वळ शोभेचे नसतात. त्यांनीच भांड्याला ताकद येते. वडील म्हणत, "घाव तांब्याच्या लक्षात राहतात. विस्तव ते सगळे विसरायला लावतो."

आता आईकडे येतो.

आईचं सोवळं हे आळीतलं एक प्रसिद्ध प्रकरण होतं. पहाटे, कोणी उठायच्या आत, ओलेत्यानं ती मागच्या दारानं विहिरीवर जाई, स्वतः पाणी शेंदी, घागर कमरेवर घेऊन येई, आणि त्याच पाण्यानं स्वयंपाक करी, तेच पाणी पिई. लग्न होऊन या घरात आली तेव्हापासून, बाळंतपणं आणि आजारपणं सोडली, तर तिनं दुसऱ्या कोणाच्या हातचं पाणी घेतलेलं नव्हतं. वडील तिची थट्टा करत, पण तिच्या घागरीला तेही कधी शिवले नाहीत.

एका थंडीत ती विहिरीच्या पायरीवर घसरली आणि उजवं मनगट मोडलं. हाडवैद्यानं बांधलं, पण ते वाकडंच जुळलं. पोहऱ्यानं पाणी ओढणं तिला जमे, कारण दोरी डाव्या हातानं खेचता येते. भरलेली तांब्याची घागर उचलून कमरेवर घेणं मात्र जमेना.

वहिनी म्हणाली, "आई, मी आणते ना ओल्यानं. माझं सोवळं काय खोटं आहे का?"

"तुझं सोवळं तुझं, माझं माझं."

"मग अर्धीच भरा तरी."

घागर अर्धी येऊ लागली. मग अर्ध्याहून कमी. मी चैत्रात घरी गेलो तेव्हा पाहिलं, आईचे ओठ फुटले होते. सगळ्यांना वाढून झाल्यावर ती जेवायला बसली, आणि जेवण संपलं तरी तिच्या तांब्यातलं पाणी होतं तितकंच होतं.

"पाणी का पीत नाहीस?"

"तहानच लागत नाही हल्ली."

वडील झोपाळ्यावर पान जुळवत बसले होते. चुना लावायचा राहिला आणि पान तसंच डब्यात गेलं, एवढं मी पाहिलं.

पुढच्या खेपेला गेलो तेव्हा कारखान्यात एक अजब पदार्थ आलेला होता. मुंबईचा मोडीचा व्यापारी जुन्या तांब्याबरोबर पांढरे पत्रे घेऊन आला होता, कोण्या साहेबाच्या मोडलेल्या नावेचे. वडिलांनी एक उचलला. तांब्याच्या इतक्या पत्र्याला लागेल तितका जोर त्यांनी लावला होता, त्यामुळे हात एकदम कपाळापर्यंत वर गेला.

"अहो, ह्याच्यात काही आहे की नाही?"

"ॲल्युमिनियम म्हणतात शेट," व्यापारी म्हणाला. "आणि नुसतं नाही हां. मजबुतीला थोडं तांबं घातलंय आत. म्हणजे तुमच्याच घरचं पोर, रंगानं तेवढं गोरं."

वडिलांनी पत्रे ठेवून घेतले. कशासाठी, ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. दादानं, म्हणजे माझ्या थोरल्या भावानं, नुसतं माजघराकडे पाहिलं.

त्यानंतर वडिलांनी जी चूक केली, ती तांबटच करू शकतो. त्यांनी पत्रा नरम करायला विस्तवात धरला आणि तो लाल व्हायची वाट पाहत बसले. आम्हाला ताप डोळ्यांनी कळतो. रंग चढला नाही म्हणजे तापलं नाही, हे पिढ्यान्‌पिढ्या डोळ्यांत बसलेलं. दादा भाता मारत होता. पत्रा पांढरा तो पांढराच.

"बाबा, हे तापतच नाही."

"मार तू. आमच्या धातूला लाज फार, लगेच लाल होतो. हा गोरा आहे, वेळ लावील."

दादानं आणखी भाता मारला. आणि मग, लाल नाही, जाळ नाही, धूर नाही, पत्रा मधोमध ओल्या धोतरासारखा लोंबला आणि नाहीसा झाला. चिमट्यात एक कोपरा उरला. वडील निखाऱ्यांत वाकून पाहत राहिले. शेजारच्या कारखान्यातले काका, वडिलांचे जन्माचे सोबती आणि स्पर्धक, डोकावून म्हणाले, "काय रे, पत्रा कुठाय?"

"गेला."

"कुठे गेला?"

"जाताना सांगून नाही गेला."

पुढे वडिलांनी डोळ्यांचा नाद सोडला. खोक्याच्या लाकडाची वाळकी ढलपी घेऊन ते तापत्या पत्र्यावर रेघ ओढून पाहत. आधी रेघ उमटतच नसे. मग तांबूस उमटे. टेकवताक्षणी काळी रेघ उठून धूर निघाला की पत्रा बाहेर आणि पाण्यात. ही युक्ती त्यांना कोणी शिकवली नव्हती. पत्रे मात्र तीत दोन-तीन आणखी गेले.

घागर घडू लागली. गोल पत्र्याला थंड घाव, तो ताठ झाला की विस्तव, पाणी, पुन्हा घाव. बूड खोल गेलं, पोट फुगलं, खांदा आत वळला. आळी येऊन पाहून जाई. भटजीही आले, कारण आईनं निरोप धाडला होता. त्यांनी घागरीला हात न लावता चहूबाजूंनी पाहिलं.

"हा धातू कुठला?"

"नवा आहे," वडील म्हणाले.

"शास्त्रात सात सांगितलेत."

"मग हा आठवा."

"आठव्याला सोवळं लागतं की नाही, ते मला सांगता यायचं नाही."

"ह्यात तांबं आहे भटजी."

"किती?"

"तुमच्या पुराणात देव असतो तेवढं."

भटजी मोठे रसिक गृहस्थ. पोट धरून हसले आणि म्हणाले, "मग शुद्ध आहे, शुद्ध आहे!" आतून आईच्या बांगड्या वाजल्या. तिचं समाधान झाल्याची ती खूण.

आता फक्त मान आणि काठ राहिला होता. त्या संध्याकाळी वडिलांनी घागर शेवटची म्हणून तापवली. दादानं चिमटा धरला होता. ढलपीची काळी रेघ उठली, चर्र आवाज झाला. वडिलांनी काठ अंगठ्यानं दाबून पाहिला, तो कणकेसारखा आत गेला. त्यांनी परत सरळ केला.

"बघ, लोणी झालंय. उद्या मान काढू." आणि घागर फळीवर ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते ऐरणीशी येऊन बसले, हातोडा मांडीवर घेतला आणि दादाला म्हणाले, "कोळसे आण थोडे." दादा टोपली भरून वळला तेव्हा वडील तसेच बसलेले होते. हातोडा मांडीवरच. फळीवरची घागर त्यांनी खाली काढलीसुद्धा नव्हती.

मला ठाण्याला तार आली. त्यापुढचं लिहीत नाही.

सुतकात तांबट हातोड्याला हात लावत नाही. दादानं कारखान्याला कुलूप घातलं, किल्ली आईनं पदराला बांधली. सुतकात सोवळं नसतंच, त्यामुळे आई त्या दिवसांत शेजारणीनं आणलेलं पाणी निमूट पीत होती. ओठ थोडे बरे झाले. मला त्याचा आनंद झाला आणि आनंद झाल्याचं वाईटही वाटलं.

आळी दोन दिवस गप्प राहिली, मग कामाला लागली. लोकांना पोटं असतात. आणि नेमकं तेव्हाच समोरच्या काकू आमच्या ओट्यावर आल्या, तोंडावर पदर घेऊन.

"अहो, तुमच्या कारखान्यात कोणीतरी आहे."

"कुलूप आहे काकू."

"कुलूप माणसांना. मी सांगते ना, आत वाजतंय."

मी जाऊन दाराला कान लावला. दुपारचं लख्ख ऊन होतं, बाजूलाच कोंबड्या उकिरडा उकरत होत्या. आणि आत खरोखरच वाजत होतं. घाव नव्हे; एक बारीक, लांबलेला नाद, थांबणारा आणि पुन्हा उठणारा. कारण मला ठाऊक होतं. शेजारी हातोडा पडला की आमच्याकडची टांगलेली पातेली त्याला हुंकार देतात. रोज आमच्याच गोंगाटात तो ऐकू येत नसे, आता येत होता. काकूंना मी हे समजावून सांगितलं. त्यांनी समजल्यासारखी मान हलवली, आणि संध्याकाळपर्यंत आळीभर झालं की धाकट्यानंही ऐकलं.

ठाऊक असून मी दाराशी उभा राहिलो. मानेवरचे केस कारणं विचारत नाहीत.

तेरावं झालं. आईनं किल्ली दिली. दादानं ऐरणीची पूजा केली आणि पहिली ती घागरच खाली घेतली. खुंट्यावर चढवून काठाला लाकडी मोगरी मारली. मोगरी उडाली. त्यानं पुन्हा मारली. घागर खणकन वाजली. दादानं मोगरी खाली ठेवून काठ अंगठ्यानं दाबला, आणि मग माझ्याकडे न पाहताच म्हणाला, "अरे, इकडे ये जरा."

मी दाबलं. कणीक नव्हती ती. नुकतंच मठारलेलं ताट दाबल्यावर अंगठ्याला उलटा जोर लागतो, तसा लागला.

"तूच चिमटा धरला होतास ना?" मी विचारलं.

"मीच."

"पाण्यात नीट बुडाली नसेल."

"त्याचा आवाज अजून कानात आहे माझ्या."

"मग?"

"मग काय मग? तूच सांग. तू शिकलेला आहेस."

आम्ही काकांना बोलावलं. काकांनी घागर हातात घेतली, टिचकी मारली, काठ वाकवून पाहिला, पुन्हा टिचकी मारली. तांब्याची गोष्ट अशी की ते नरम केलं की नरमच राहतं. फळीवर वर्षभर ठेवा, वर्षानंही तसंच. ताठ व्हायला त्याला हातोडाच लागतो. काकांनी आयुष्यात दुसरं काही पाहिलेलं नव्हतं.

"हे ठोकलेलं आहे," ते म्हणाले.

"कोणी?"

"ते मला विचारू नका." आणि त्यांनी घागर अशी खाली ठेवली की जणू कोणाच्या हातात परत देत आहेत. पायांत वहाणा सरकवल्या आणि गेले. जन्मभर वडिलांच्या कामात खोट काढणारा माणूस तो. त्या दिवशी डोळे पुसत गेला.

काकूंच्या आनंदाला पारावार राहिला नाही. "मी तेव्हाच म्हटलं होतं!" हे त्या इतक्या घरी जाऊन म्हणाल्या की शेवटी आमच्याही घरी येऊन म्हणाल्या.

आई कारखान्यात आली. ती एरवी कधी येत नसे. तिनं घागरीच्या पोटावर डावा तळवा ठेवला आणि पुष्कळ वेळ ठेवला.

"ह्याला आता विस्तव दाखवायचा नाही," ती म्हणाली.

दादा गडबडला. "आई, मान काढायची राहिलीय. नरम केल्याशिवाय नाही निघायची."

"तिकडून येऊन एवढं करणं झालं, ते तू पुसून टाकणार?"

विस्तव घाव विसरायला लावतो, हे ती तांबटाची बायको म्हणून आमच्याइतकंच जाणत होती. घागर तशीच फळीवर गेली. मान नाही, काठ नाही. कमरेवर घेतली असती तर पाणी हिंदकळून सांडलं असतं, आणि धरायला तिला गळाच नव्हता.

आईचं सोवळं पुन्हा सुरू झालं. आता ती लहान तांब्यानं पाणी आणू लागली. वहिनीनं मला बाजूला घेऊन सांगितलं, "भावोजी, पहाटेपासून येरझारा घालतात. पायरीवर दोनदा बसलेल्या पाहिल्यात मी. परवा स्वयंपाकाला पाणी पुरलं, प्यायला उरलं नाही. तर म्हणे आज उपास आहे. कसला उपास, वार बुधवार!"

दादानं विस्तवाशिवाय प्रयत्न करून पाहिला. आईला न सांगता, अगदी हलक्या हातानं, काठ जरा जरा आत घेत. थोडा आला. आणखी थोडा आला. मग 'टक्' असा आवाज झाला, नखाएवढा. काठावर केसासारखी चीर होती. दादानं हातोडा ठेवला आणि वडिलांच्या जागी कधी न बसणारा तो तिथेच मटकन बसला.

"दोन्हीकडून मेलो मी," तो म्हणाला. "विस्तव दाखवला तर बाबा पुसले जातात. नाही दाखवला तर आई तहानेनं जाते."

इथे माझा प्रवेश. हुशार धाकटा मुलगा, कचेरीतला, पुरावा म्हणजे काय ते जाणणारा! मी उरलेल्या पत्र्याची एक पट्टी कापली आणि आईला बोलावून तिच्यादेखत दादाकडून तापवून पाण्यात बुडवून घेतली. आईच्याच हातानं वाकवून दाखवली. पट्टी मेणासारखी वाकली, आम्ही सरळ केली.

"आता ही तुझ्या पेटीत ठेव. लुगड्यांच्या खाली. कुलूप घाल, किल्ली तुझ्याकडे."

"कशाला?"

"ठेव तर खरी."

मी ठाण्याला गेलो. कचेरीत बसून सबंध आठवडाभर भाषण तयार केलं. ते अजून मला पाठ आहे, पण वाचकांवर दया करून फक्त शेवट देतो. रविवारी घरी आलो, सगळ्यांना माजघरात जमवलं, आईला पेटी उघडायला लावली. पट्टी हातात घेऊन वाकवली. ती वाकली आणि सोडताच सटकन जागेवर आली. मनातून मला हायसं वाटलं, कारण तशी ती आली नसती तर माझी फजितीच होती.

"पाहिलंस आई? ह्या पेटीत ऐरण मावत नाही. हातोडा चालत नाही. किल्ली तुझ्या पदराला. ही कोणी ठोकली नाही! हा त्या धातूचा स्वभावच आहे. नरम करून ठेवला की आपला आपण कडक होतो. कोणी येत नाही, कोणी जात नाही!"

मी हात पसरून उभा राहिलो. टाळ्या पडायला हव्या होत्या.

आईनं पट्टी घेतली. वाकवली. ती परत आली. पुन्हा वाकवली, ती पुन्हा परत आली. मग पट्टी मुठीत धरून ती पेटीकडे पाहू लागली. स्वतःच्या लुगड्यांकडे, तळाशी जपून ठेवलेल्या लग्नातल्या शालूकडे.

"म्हणजे माझ्या पेटीतसुद्धा येणं झालं," ती म्हणाली.

माझं भाषण त्या पहिल्या पत्र्यासारखं मधोमध लोंबून नाहीसं झालं. वहिनीनं तोंडात पदर कोंबला. दादा खाली पाहत होता. आणि आई, जी तेराव्यापासून एकदाही कोणाकडे नीट पाहून बोलली नव्हती, तिनं मान वर केली.

"अरे," ती दादाला म्हणाली, "म्हणजे नरम केलं की तिकडून परत येणं होतं?"

दादा फार सरळ माणूस. खोटं त्याला बोलता येत नाही आणि खरं त्याला ठाऊक नव्हतं. "नरम केलं की परत कडक होतं आई," तो म्हणाला. "मला एवढंच सांगता येईल."

"दरवेळी?"

"पट्टी झाली. घागर झाली."

"मग घाल विस्तवात. मी उगाच अडवून धरलं."

त्याच दिवशी दुपारी आई पाट घेऊन भात्याशी बसली. दादानं चीर गेलेला काठ कापून टाकला, त्यामुळे मानेला पत्रा थोडा कमी पडला. घागर विस्तवावर धरली. ढलपीनं तो पुन्हा पुन्हा रेघ ओढून पाहत होता.

"रेघा कसल्या ओढतोस?"

"बाबांनी शोधलेलं आहे हे. काळी उठली की पुरे."

"उठली," आई म्हणाली. तिची नजर दादाच्या आधी पोचली होती. चर्र आवाज झाला आणि वाफेमागे आईचा चेहरा काही क्षण दिसेनासा झाला.

दादा दिवस मावळेपर्यंत उठला नाही. "आजच झालं पाहिजे. आणखी दोन दिवसांनी ही आपलं ऐकायची नाही," एवढंच तो मध्ये म्हणाला. मान निघाली, काठ वळला. घागर फळीवर ठेवून आम्ही दार ओढून घेतलं. मी कचेरीत ताप आल्याचं कळवून राहिलो.

मला ताप नव्हता, पण आलेला असता तर बरं झालं असतं. घागरीबरोबरच नरम केलेली एक पट्टी मी स्वतःजवळ ठेवली होती. सकाळ-संध्याकाळ तिला वाकवून पाहत होतो. भूत म्हणजे सावली, आवाज, पैंजण, गार वारा, असं मी समजत आलो होतो. इथे तसलं काही नव्हतं. ओट्यावर ऊन पडलेलं, आत वहिनी ताक घुसळते आहे, आणि माझ्या दोन बोटांत एक वस्तू पडल्या पडल्या ताकद धरते आहे. सकाळी वाकली तेवढी संध्याकाळी वाकत नाही. कोणी मारत नाही, कोणी तापवत नाही. हातोड्याचा आवाज आला असता तर मी इतका घाबरलो नसतो. एका संध्याकाळी मी ती पट्टी कोनाड्यात ठेवली आणि वडिलांच्या फोटोला नव्हे, त्यांचा फोटो नाहीच, त्यांच्या खुंटीवरच्या पागोट्याला नमस्कार केला. कोणी पाहिलं नाही, म्हणून इथे सांगतो.

पुढे ठाण्यात रसायनं शिकलेल्या एका गृहस्थांना मी हे विचारलं. ते म्हणाले, असं कुठल्याही पुस्तकात नाही. आईचंही नेमकं हेच म्हणणं होतं.

आई रोज सकाळी फळीपाशी जाऊन घागरीला बोटाच्या पेरानं टिचकी मारी आणि ऐकत उभी राही. "अजून नाही," म्हणून परत येई. आणि एका सकाळी टिचकी मारून ती परत वळली नाही. घागर उचलून मागच्या दारानं गेली.

आम्ही तिघं दाराआड उभे होतो, चोरासारखे. पोहरा खाली गेला, वर आला, परत गेला. घागर काठोकाठ भरली. आईनं डाव्या हातानं गळा धरला, वाकडं मनगट बुडाखाली नुसतं टेकवलं आणि घागर कमरेवर आली. पायरी चढताना दादानं माझा दंड इतका आवळला की वळ उठला. आई वर आली. थेंब सांडला नाही. आम्हाला पाहून न पाहिल्यासारखं करून ती आत गेली, घागर ठेवली, तांब्या भरून घेतला आणि उभ्या उभ्या सगळा प्यायली. दुसरा भरला. तोही प्यायली.

दादा अपराध्यासारखा पुढे झाला. "आई, मान जरा आखूड झालीय. माझ्याकडून चीर गेली होती काठाला, तेवढा भाग कापावा लागला."

"दिसतंय मला."

"बाबांनी काढली असती तशी नाही झाली."

"थांब, सांगते मी तिकडे," आई म्हणाली.

दादा हसला, वडील गेल्यापासून पहिल्यांदा. मीही हसणार होतो. पण आईनं हे वर बघून म्हटलं नाही, भिंतीकडे बघून म्हटलं नाही. ती घागरीवर वाकली, तोंड काठाशी नेऊन हळू काहीतरी बोलली आणि तशीच थांबली, समोरच्याचं बोलणं पुरं होईपर्यंत माणूस थांबतं तशी.

मग तिनं पदर सावरला.

"चालेल म्हणताहेत," ती म्हणाली, आणि चूल पेटवायला बसली.